मणी, थंडी आणि हीटर प्लग

जानेवारीत निफाडच्या द्राक्षपट्ट्यात पहाटेचा पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरला की बागांच्या बांधावर शेकोट्या दिसू लागतात. घड फुगायच्या दिवसांत असा कडाका पडला तर मण्यांची वाढ खुंटते, तयार मणी तडकतात. म्हणून माणसे रात्र जागवतात, धूर करतात, ठिबक चालू ठेवतात. उजाडल्यावर फवारणी उरकायची असते. दोन ओळींमधून जाईल असा अरुंद ट्रॅक्टर शेडमध्ये उभा असतो, मागे ब्लोअर जोडलेला. चावी फिरते, सेल्फ घरघरतो, सायलेन्सरमधून पांढरट धूर निघतो आणि इंजिन पुन्हा गप्प.

अशा वेळी घरातले वडीलधारे म्हणतात, “थंडीनं ताकद खाल्ली त्याची.” फिटरला फोन लावला तर तो वेगळेच सांगतो. “हीटर धरा थोडा. दिवा विझू द्या, मग सेल्फ मारा.” चावी हीटरच्या खुणेवर धरली की डॅशबोर्डवर वेटोळ्याच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. दिवा विझल्यावर सेल्फ मारला की तेच इंजिन, त्याच डिझेलवर, त्याच थंडीत दोन-चार फेऱ्यांत पेटते.

वडीलधाऱ्यांच्या आणि फिटरच्या बोलण्यात एक जुना वाद लपलेला आहे. जे काम व्हायला हवे ते होत नाही, तेव्हा करणाऱ्याची शक्ती नाहीशी झालेली असते, की शक्ती जागच्या जागी असून कशाने तरी अडलेली असते? हजारेक वर्षांपूर्वी भारतीय तत्त्वज्ञांनी या प्रश्नावर पानेच्या पाने लिहिली आणि त्यासाठी उदाहरण घेतले तेही आगीचेच. पण त्या वादाकडे वळण्याआधी इंजिनात काय घडते ते नीट पाहायला हवे, कारण वादाचा निकाल तिथेच दडलेला आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पेट्रोलच्या इंजिनात स्पार्क प्लग ठिणगी टाकतो आणि मिश्रण भडकते. डिझेलच्या सिलिंडरमध्ये आधी नुसती हवा शिरते, पिस्टन ती दाबतो, दाबाने हवा तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझलने डिझेलचा फवारा मारला की तो आपोआप पेटतो. १८५८ साली पॅरिसमध्ये जन्मलेल्या रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याला या कल्पनेचे पेटंट १८९३ मध्ये मिळाले. फेब्रुवारी १८९७ मध्ये ऑग्सबुर्गच्या कारखान्यात त्याच्या इंजिनाची अधिकृत चाचणी झाली, तेव्हा इंधनातल्या उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के भाग त्याने कामात उतरवून दाखवला. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना ते जमत नव्हते.

आता थोडे गणित. २७ अंशांची हवा अठरापट दाबली आणि वाटेत उष्णता जराही गळली नाही असे धरले, तर ती सुमारे ६८० अंशांपर्यंत तापते. निफाडच्या २ अंशांच्या पहाटे हेच गणित मांडले तर उत्तर येते सुमारे ६००. साधे डिझेल खुल्या हवेत सव्वादोनशे अंशांच्या आसपास आपोआप पेट घेऊ शकते. इंजिनात ते काही मिलिसेकंदांत पेटायला हवे, त्यासाठी याहून बरीच जास्त उष्णता लागते; पण ६०० अंश पुरेसे आहेत. कागदावरच्या हिशेबाने पाहिले तर थंडीतही इंजिन बिनतक्रार चालू व्हायला हवे.

ते होत नाही, कारण उष्णता गळते. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि सेल्फला पुरेसा जोर मिळत नाही. ऑइल घट्ट होते, म्हणून इंजिन जड फिरते. पिस्टन सावकाश वर आला की दाबलेल्या हवेला रिंगांच्या फटींतून निसटायला वेळ मिळतो, आणि उरलेल्या हवेची ऊब सिलिंडरचे गार लोखंड शोषून घेते. फवारा मारला जातो त्या क्षणी ६०० अंश कुठेच नसतात. डिझेलची वाफ होते पण ते जळत नाही, आणि सायलेन्सरमधून जो पांढरा धूर बाहेर पडतो तो म्हणजे हेच न जळलेले डिझेल. जळण्याची त्याची क्षमता कुठेही गेलेली नसते. तो धूर हवेत विरण्याआधी नाकाशी आला तरी त्याला कच्च्या डिझेलचाच वास येतो.

लहान ट्रॅक्टरांत हा त्रास अधिक असतो, त्यालाही कारण आहे. बेन्झ कंपनीतल्या प्रॉस्पर लोरांज या अभियंत्याने १९०९ मध्ये एक युक्ती काढली. मुख्य सिलिंडरशेजारी एक छोटी कोठडी ठेवायची आणि ज्वलनाची सुरुवात तिथे करायची. इंजिन मवाळ चालते, आवाज कमी होतो. पण हवेला अरुंद तोंडातून त्या कोठडीत शिरावे लागते आणि कोठडीच्या भिंती तिची ऊब ओढून घेतात. भारतातल्या बहुतेक मोठ्या ट्रॅक्टरांत डिझेल थेट सिलिंडरमध्येच फवारले जाते, म्हणून त्यांच्यात हीटर प्लग सहसा नसतोच. द्राक्षबागांत फिरणाऱ्या कुबोटा बी-२४४१ सारख्या तीन सिलिंडरच्या, २४ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरांत मात्र अशी कोठडी असते आणि प्रत्येक कोठडीत एक प्लग.

हा प्लग दिसायला पेन्सिलीच्या तुकड्यासारखा. धातूच्या बारीक नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली, तिच्यात तारेचे वेटोळे. बॅटरीचा प्रवाह आला की त्याचे टोक लालबुंद होऊन आठशे-नऊशे अंशांपर्यंत तापते. जुन्या प्लगला यासाठी अर्धा-पाऊण मिनिट लागे, नव्याला काही सेकंद पुरतात. तो सगळी हवा तापवत बसत नाही. फवाऱ्याची कड त्या तापलेल्या टोकाजवळून जाते, तिथे ज्वलन सुरू होते आणि मग आग उरलेल्या फवाऱ्यात पसरते.

आता त्या वादाकडे वळू. तो मीमांसा आणि न्याय या दोन दर्शनांच्या पंडितांमधला, म्हणजे मीमांसक आणि नैयायिक यांच्यातला आहे. मीमांसकांनी एक उदाहरण पुढे ठेवले. अग्नी आहे, लाकूड आहे, दोघांचा स्पर्शही आहे. जवळ चंद्रकांत मणी ठेवला की अग्नी जाळत नाही. मणी उचलला की जाळू लागतो. असा मणी खरोखर असतो का, ही शंका त्या काळी दोन्ही पक्षांनी बाजूला ठेवली होती, कारण त्यांचा प्रश्न मण्याचा नव्हताच. अग्नी तोच, लाकूड तेच, तरी एकदा काम होते आणि एकदा होत नाही. म्हणून मीमांसक म्हणाले की डोळ्यांना दिसणाऱ्या अग्नीखेरीज त्याच्यात ‘शक्ती’ नावाचे काहीतरी वेगळे, न दिसणारे असले पाहिजे. मणी आला की ती नष्ट होते, मणी गेला की पुन्हा उत्पन्न होते. मीमांसकांतल्या प्राभाकर पंथाने तर शक्तीला स्वतंत्र पदार्थाचा दर्जाच दिला. द्राक्षबागेतल्या वडीलधाऱ्यांचे ‘थंडीनं ताकद खाल्ली’ हे बोलणे याच पक्षाचे आहे.

नैयायिकांना हे पटले नाही. मणी शंभर वेळा ठेवला आणि शंभर वेळा उचलला तर शंभर शक्ती मरणार आणि शंभर जन्मणार. प्रत्येकीच्या जन्माचे कारण शोधा, प्रत्येकीच्या नाशाचे कारण शोधा. एवढा पसारा कशाला? अग्नी जाळतो त्याला जशी लाकडाची गरज असते, तशीच अडथळा नसण्याचीही असते, एवढे मानले की पुरे. ‘प्रतिबंधकाचा अभाव’ हेही एक कारणच. मणी अग्नीचे काही काढून घेत नाही. तो वाट अडवतो.

यावर मीमांसकांनी जो प्रश्न टाकला तो खरा बिनतोड होता. मणी जागच्या जागी असताना त्याच्या शेजारी दुसरा एक ‘उत्तेजक’ मणी आणून ठेवला तर अग्नी पुन्हा जाळू लागतो. आता अडथळा तर समोर पडलेला आहे! मग ‘अडथळ्याचा अभाव’ हे कारण कुठे उरले?

नैयायिकांचे उत्तर असे, की नुसता मणी हा प्रतिबंधक नव्हेच. ज्याच्याजवळ उत्तेजक नाही असा मणी, तो प्रतिबंधक. उत्तेजक आला की मणी तिथे असूनही ‘उत्तेजकाविना असलेला मणी’ तिथे नसतो, आणि त्याचा अभाव हे कारण पुरे होते. पहिल्यांदा वाचताना हे शब्दांचे कसब वाटते. विश्वनाथ या नैयायिकाच्या ‘न्यायसिद्धान्तमुक्तावली’त हा वाद अगदी सुरुवातीलाच येतो, त्यामुळे न्याय शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आरंभीच त्याच्याशी झुंजावे लागते. पण हीटर प्लग हातात घेऊन ते उत्तर पुन्हा वाचावे. मे महिन्यात मणीच नाही, इंजिन आपसूक चालू होते. जानेवारीत नुसता मणी, इंजिन गप्प. जानेवारीतच हीटर लावला तर इंजिन पेटते, आणि थंडी तर तशीच असते! प्लगने निफाडची थंडी कमी केली नाही, लोखंड गरम केले नाही, ऑइल पातळ केले नाही. पेन्सिलीच्या टोकाएवढी एक जागा त्याने अशी केली की थंडी एकटी उरली नाही. नैयायिकांनी कल्पनेने मांडलेल्या तिन्ही अवस्था एका ट्रॅक्टरमध्ये वर्षभरात पाहायला मिळतात.

आणि निकाल? तो नैयायिकांच्या बाजूने द्यावा लागतो. थंडीने शक्ती मरत असती तर उत्तेजकाने नवी शक्ती जन्माला घातली असे म्हणावे लागले असते, आणि डिझेलमध्ये तसे काहीच नवे शिरत नाही. बॅटरीचेही तेच. शिसे-आम्लाची चांगली बॅटरी उणे १८ अंशांना निम्म्याहून कमी जोर देते. तीच उबेत आणून ठेवली की तिचा जोर परत येतो. गेलेले कुणी तिला आणून दिलेले नसते.  

या वादाला धार्मिक बाजू आहे आणि ती महत्त्वाची आहे. मिथिलेच्या उदयनाचार्यांनी या शक्तिवादाचे खंडन केले ते ‘न्यायकुसुमाञ्जली’त, आणि तो पाच स्तबकांचा ग्रंथ लिहिला गेला ईश्वराचे अस्तित्व सिद्ध करण्यासाठी. ईश्वराची चर्चा करणाऱ्या ग्रंथात अग्नी आणि मणी कशाला? कारण माणसाने केलेल्या कर्माचे फळ पुढे कधीतरी मिळते, तोवर ते ‘अदृष्ट’ राहते कुठे, वस्तूंमध्ये शक्ती म्हणून की जिवात गुण म्हणून, असा प्रश्न त्यांच्यापुढे होता. वस्तूंमध्ये वेगळी शक्ती मानायची गरज नाही, हे त्यांना आधी दाखवायचे होते. जाळण्याचा प्रश्न त्यांच्यासाठी माणसाच्या पापपुण्याचाच प्रश्न होता.

श्रेय कुणाचे, हा दुसरा प्रश्न. इंजिन चालू झाले ते कशामुळे? प्लगमुळे, बॅटरीमुळे, चावी फिरवणाऱ्यामुळे, की डिझेलमुळे? नवव्या शतकाच्या अखेरीस काश्मीरात जयंतभट्ट हे नैयायिक होऊन गेले. राजाच्या हुकमाने एका निःशब्द, निर्जन जागी आपल्याला ठेवले होते आणि तिथे हा ग्रंथ रचून दिवस काढले, असे त्यांनी स्वतःच ‘न्यायमंजरी’त नोंदवले आहे. त्यांनी या प्रश्नाचे धाडसी उत्तर दिले. सगळ्यांत निर्णायक असे एक कारण वेगळे काढताच येत नाही. सारी सामग्री एकत्र जमते, तेव्हा ती सामग्रीच निर्णायक असते. कोणताही एक घटक काढा, काम थांबते, मग मोठेपणा एकालाच कसा द्यायचा? फिटरचा अनुभवही हाच आहे. प्लग चांगले असून बॅटरी उतरलेली असली तर ट्रॅक्टर उभाच, आणि बॅटरी नवी असून डिझेलच्या नळीत हवा धरली असली तरीही उभाच.

तरीही सामग्रीत जे मोडते ते सारेच कारण नव्हे, हेही नैयायिकांनी बजावले आहे. मडके घडवायला माती, चाक, कुंभार लागतो; माती वाहून आणणारे गाढव मडक्याआधी हजर असले तरी त्याला मडक्याचे कारण म्हणत नाहीत, कारण त्याच्यावाचून अडत नाही. अशा गोष्टींना ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात. मे महिन्याच्या दुपारी कुणी सवयीने हीटर धरून ट्रॅक्टर चालू केला तर प्लग त्या गाढवाच्या रांगेत बसतो. जानेवारीच्या पहाटे तोच प्लग खरे कारण ठरतो. एकच वस्तू ऋतू बदलला की उपचारातून कारणात येते, ही गोष्ट श्रेय वाटणाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे. परिस्थिती सोडून कुणाच्याही मदतीचे मोल ठरवता येत नाही.

उत्तेजक शोधण्याची माणसाची धडपड मोठी जुनी आहे. जर्मनीत मानहाइम इथे लान्झ कंपनीने १९२१ मध्ये फ्रिट्झ हुबरने आखलेला ‘बुलडॉग’ ट्रॅक्टर बाजारात आणला. त्याच्या इंजिनाला पुढे एक लोखंडी डोके असे. सकाळी त्याच्याखाली ब्लोलँप लावायचा, ते चांगले तापू द्यायचे, मग स्टिअरिंगचे चाक दांड्यासकट काढून फ्लायव्हीलला लावायचे आणि इंजिनाला झोका द्यायचा. ब्रिटनमधल्या ‘फील्ड मार्शल’ ट्रॅक्टरला सोरा लावलेला कागद पेटवून, धुमसत असतानाच तो सिलिंडरच्या डोक्यात बसवावा लागे, आणि पुढे हँडल मारायचे किंवा काडतूस उडवायचे. महाराष्ट्रातल्या खेड्यांत एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरणारी माणसे आजही भेटतात. काही जण संध्याकाळीच ट्रॅक्टर उतारावर लावून ठेवतात, सकाळी तो घरंगळत सोडला की गिअरमध्ये पडताच चालू होतो. हे सगळे उत्तेजकच आहेत, कुणी उष्णतेचे, कुणी वेगाचे.

पण प्रत्येक उत्तेजक भला नसतो. बाजारात ईथरचा स्प्रे मिळतो. हवेच्या नळीत दोन फवारे मारले की रुसलेले इंजिनही दणक्यात चालू होते, कारण ईथर डिझेलपेक्षा फार कमी उष्णतेवर पेटतो. हीटर प्लग असलेल्या इंजिनात तो मारू नये, अशी सक्त ताकीद इंजिनांच्या माहितीपुस्तकांत असते. लालबुंद टोकावर ईथर अवेळी भडकतो, पिस्टन अजून वर येत असतानाच स्फोट होतो, आणि रिंगा किंवा पिस्टनच फुटू शकतो. प्लग आणि ईथर दोघेही इंजिन चालू करतात, पण तेवढ्यावरून दोघांना एकाच मापाने मोजता येत नाही. प्लग डिझेललाच पेटायला मदत करतो. ईथर डिझेलच्या जागी स्वतः पेटतो. धर्माच्या नावाने चालणाऱ्या उन्मादाला आणि खऱ्या गुरूच्या शब्दाला समाजात पुष्कळदा एकच नाव दिले जाते, तेव्हा हा फरक आठवायला हवा.

शिवाय एका अडथळ्यावरचा उत्तेजक दुसऱ्या अडथळ्यावर चालत नाही. लडाखमध्ये हिवाळ्यात साध्या डिझेलमधले मेण गोठते, ते फिल्टरमध्ये अडकते आणि इंधन इंजिनापर्यंत पोहोचतच नाही. तिथे प्लग कितीही वेळ तापवला तरी उपयोग शून्य, कारण जाळायला समोर काही येतच नाही. लोक डिझेलमध्ये केरोसीन मिसळून दिवस काढत. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारे हिवाळी डिझेल लडाखसाठी आणले, तेव्हा तो अडथळा हटला. थंडी तीच, पण निफाडला तिने उष्णता चोरली आणि लेहला वाटच बुजवली. उपाय सांगण्याआधी अडथळा कोणता हे ओळखावे लागते.

जैन परंपरेने हा प्रश्न आणखी खोल नेला. जैन मतानुसार जिवाचे सामर्थ्य मुळातच अनंत आहे. कर्म ते नष्ट करीत नाही, झाकते किंवा अडवते. आठ मूळ कर्मांपैकी एकाचे नावच ‘अंतराय’, म्हणजे आड येणारे, आणि त्याच्या पाच प्रकारांत ‘वीर्यांतराय’ आहे, सामर्थ्याच्या आड येणारे. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त सम्यक्‌ दर्शन, म्हणजे खरी दृष्टी, दोन वाटांनी होते असे सांगितले आहे, एखाद्याला ते आपसूक होते, एखाद्याला दुसऱ्याच्या उपदेशाने.

मग उपदेश करणाऱ्याने नेमके काय केले? यावर विसाव्या शतकात जैन समाजात मोठे वादळ उठले. सौराष्ट्रातल्या सोनगढच्या कानजी स्वामींनी (१८९०–१९८०) आग्रहाने मांडले की कार्य घडते ते उपादानाच्या, म्हणजे ज्याच्यात ते घडायचे त्याच्याच, योग्यतेने. निमित्त, म्हणजे बाहेरचे साहाय्य, त्या वेळी हजर असते, पण ते काही करीत नाही. परंपरेतल्या अनेक पंडितांना हे मान्य नव्हते. १९६३ मध्ये जयपूरजवळ खानिया इथे दोन्ही बाजूंच्या विद्वानांनी लेखी प्रश्नोत्तरे केली. ‘खानिया तत्त्वचर्चा’ म्हणून ती छापलेली आहेत.

कानजी स्वामींच्या पक्षाचे बळ गॅरेजमध्ये सहज दिसते. टाकीत पाणी भरा आणि प्लग तासभर तापवा, काही पेटणार नाही. त्याहून नेहमीचे उदाहरण घासलेल्या रिंगांचे. कम्प्रेशन गेलेल्या इंजिनात हवा दाबलीच जात नाही, आणि मालक मात्र दर हिवाळ्यात प्लग बदलत राहतो. तिथे निमित्ताला दोष देणे चूक आहे. पण कानजी स्वामींच्या विरोधकांचे म्हणणेही जानेवारीच्या पहाटे तपासून पाहता येते. इंजिन धडधाकट, डिझेल स्वच्छ, बॅटरी भरलेली. प्लगची वायर तेवढी काढा, ट्रॅक्टर उभा राहील. वायर लावा, चालू होईल. बाकी सारे तेच असताना ज्याच्या असण्याने काम होते आणि नसण्याने अडते, त्याला ‘नुसते हजर’ म्हणणे अन्यायाचे आहे. उपादान योग्य असेल तिथे निमित्त खरे कारण असते.

याचे माणसांतले उदाहरण महाराष्ट्राच्याच मातीत आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आसपासच्या वारली पाड्यांतली मुले शाळेत येत नसत. ‘या मुलांना शिक्षणाची गोडीच नाही’ असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. ते म्हणजे मीमांसकांसारखे शक्तीच गेली असे ठरवणे झाले असते. या दोघींनी अडथळा शोधला. मुले गुरे राखायला रानात जात होती. मग शाळाच रानात नेली. गुरे चरताहेत आणि तिथेच मुले शिकताहेत, अशी ‘कुरणशाळा’ भरू लागली. धाकटी भावंडे सांभाळणाऱ्या मुलांसाठी पाड्यातल्या अंगणातच बालवाडी नेली, तिचे नाव अंगणवाडी. त्यांनी पाड्यांची गरिबी दूर केली नव्हती, ती होतीच. ती असतानाही मूल शिकू शकेल एवढी एक ऊबदार जागा त्यांनी तयार केली.

प्लगची आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. इंजिन पेटले की त्याचे काम संपते. काही नव्या इंजिनांत धूर कमी व्हावा म्हणून तो आणखी काही वेळ तापत राहतो, मग त्याचा प्रवाह तुटतो आणि दिवसभर इंजिन आपल्याच दाबाच्या उष्णतेवर चालते. कधी रिले चिकटतो आणि प्रवाह चालूच राहतो. मग टोक फुगते, जळते, कधी तुटून सिलिंडरमध्ये पडते आणि ज्या इंजिनाला चालू केले त्याचीच खराबी करते. आध्यात्मिक गुरूंविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. शिष्य आपल्या पायावर उभा राहिल्यावर बाजूला होणारा गुरू आणि कधीच न होणारा गुरू यांतला फरक मात्र फारच कमी लिहिला जातो. तो लिहायला हवा.

निफाडमध्ये नऊच्या सुमारास ऊन चढते, शेकोट्यांची राख उरते, ब्लोअर शेवटच्या ओळींत असतो. तोवर प्लग कधीचेच गार झालेले असतात.

तुमच्याकडे असा ट्रॅक्टर असेल आणि थंडीत तो रुसत असेल, तर इंजिन खोलायला सांगण्याआधी एवढे करा. प्लगची वायर सोडवा आणि मल्टिमीटरचे एक टोक प्लगच्या डोक्याला, दुसरे इंजिनाच्या लोखंडाला लावा. बारा व्होल्टचा चांगला प्लग साधारण एक ओहमच्या आसपास रोध दाखवतो. तार तुटलेली असेल तर मीटरचा आकडा हलतच नाही. तीन प्लग तपासायला पाच मिनिटेही लागत नाहीत.